अस्तर

सतरा पायऱ्या आहेत माझ्या दुकानाला.
पूर्वी कधी मोजल्या नव्हत्या.
आता अकरावीवर थांबते,
पर्समध्ये चावी शोधल्यासारखं करते.
खालचा भांडीवाला विचारतो, "सापडली काय वो?"
सापडली, म्हणते.
चावी हातातच असते.

वडगावात वीस वर्षं ब्लाउज शिवतेय.
आधी वाटलं रक्त कमी आहे,
मग वाटलं वय.
मग मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात
घड्याळ धरलेल्या पोरीनं सांगितलं, चाला. सहा मिनिटं.
दोनशे ऐंशी मीटर चालले आणि भिंतीला टेकले.
ओठ निळे पडलेत, म्हणाली ती,
आणि आकडा लिहून घेतला.

हिरेमठ बाईंनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं.
हृदयाचा उजवा कप्पा, त्यातून निघालेल्या नळ्या,
फुफ्फुसात शिरून बारीक बारीक होत गेलेल्या.
"नळीला आतनं एक पातळ थर असतो,
एका पेशीएवढा.
तो एक वायू सोडतो, नायट्रिक ऑक्साईड.
दोन-चार सेकंद जगतो,
तेवढ्यात शेजारच्या स्नायूला सांगतो की..."
इथं त्यांना मराठी शब्द सापडेना.
हवेत मूठ आवळली, उघडली.
"सडिल."
सैल, मी म्हटलं.
"हां, सैल. तुमचा थर सांगायचा कमी झालाय.
नळ्या आवळून बसल्यात,
उजवं हृदय ढकलून ढकलून दमतंय."

अस्तर, मी म्हटलं.
"काय?"
न भिजवता लावलेलं अस्तर वो बाई.
पहिल्या धुण्यात आटतं.
वरचं कापड चांगलंच असतं, आतनं ओढ बसते.
गिऱ्हाईक म्हणतं माप चुकलं.
माप चुकलेलं नसतं.

त्या जरा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या,
मग चित्राशेजारी कानडीत काहीतरी लिहिलं.
बरी होणार का, ते मी विचारलं नाही.

औषधाच्या दुकानातला पोरगा
चिठ्ठी दोनदा वाचतो: शेवंता मुतगेकर.
माझ्या मागं बघतो.
मागं कोण नाही, एक रिक्षा आणि सकाळचं ऊन.
"दिवसातनं तीनदा?"
मालक कपाटात तोंड घालून हसतो.
ही गोळी एरवी कशासाठी खपते ते मलाही ठाऊक आहे.
लग्न न केलेली, चव्वेचाळीस वर्षांची बाई
नव्वद गोळ्या मागतेय.
कान तापले माझे.
तिथल्या तरी नळ्या उघडतात म्हणायच्या.

फुफ्फुसाची आहे, मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.
ही गोळी काही निरोप देत नाही,
निरोप पुसायला आलेल्याचा हात धरून ठेवते.
निरोप माझा मलाच द्यायचा असतो.
पोरगा म्हणाला, "बिल पाहिजे?"

भाचा सांगत होता,
हाच वायू हायवेवरच्या ट्रकांच्या धुरात असतो.
मग जाऊन उभी राहू का तिथं? म्हटलं.
नको मावशी, तिथं तो विष.
दोन अणू बिचारे,
कुठं जन्मतात त्यावर सगळं.

गोळीनं डोकं दुखतं, तोंड लाल होतं.
लाडू वळायला बोलवलंय काय कुणी, विचारते शेजारीण.
हसू येतं, पण हसायलाही श्वास लागतो
म्हणून अर्धंच हसते.

रात्री बादलीत अस्तर भिजत घालते.
बादली अर्धीच भरते, पूर्ण उचलत नाही.
पांढरं, फिकट गुलाबी, एक मोरपंखी,
सगळी पाण्याखाली एकमेकांना चिकटून.
आटायचं तेवढं आत्ता आटून घ्या, सांगते त्यांना,
अंगावर गेल्यावर नको.

दोरी उंच आहे. हात वर केले की दम लागतो.
खुर्चीच्या पाठीवर टाकलीत पिळून.
थेंब पडतायत.
मोजत बसले नाही.